एकवीस इंचांचं फाटक

मॉरिस बेडोजच्या पोटात दोन वर्षं दुखत होतं, आणि त्या दुखण्याचं नाव होतं गेथिन प्रोबर्ट.

मॉरिस आमच्या मार्लहोपचा माळी. वय अठ्ठावन्न, गुडघे सत्तरीचे. लोकांच्या घरामागच्या हिरवळी कापायच्या, झुडपांची कुंपणं छाटायची, पानं गोळा करायची, आणि संध्याकाळी व्हॅन घेऊन घरी यायचं, हे त्याचं तीस वर्षांचं आयुष्य. तोंडानं फटकळ, पण हात असा की त्यानं कापलेल्या हिरवळीवर पाय ठेवायला माणूस कचरायचा. गडद पट्टा, फिका पट्टा, पुन्हा गडद. मशीनच्या मागचा रोलर गवताला जाताना एकीकडे निजवतो आणि येताना दुसरीकडे, एवढीच काय ती जादू. पण पहिली ओळ वाकडी गेली की पुढच्या सगळ्या वाकड्या जातात, आणि पहिली ओळ सरळ मारणं कुणाला शिकवून येत नाही, असं मॉरिस म्हणायचा. तरी त्यानं ते गेथिनला शिकवलंच.

गेथिन डोंगरापलीकडचा, वेल्सचा. सात वर्षं त्यानं मॉरिसच्या हाताखाली काढली. मालकाला आमच्याकडे 'गॅफर' म्हणतात. गेथिनच्या तोंडात दिवसभर तेच असायचं. "गॅफर, हे कुठं टाकू? गॅफर, चहा घेता?" आणि मग एका मार्च महिन्यात त्यानं स्वतःची व्हॅन घेतली, तिच्यावर हिरव्या अक्षरांत स्वतःचं नाव रंगवलं आणि धंदा सुरू केला. त्या दिवसापासून तो मॉरिसला नुसतं 'मॉरिस' म्हणायला लागला.

बरं, त्यानं गिऱ्हाइकं पळवली म्हणावं तर तेही नाही! एकसुद्धा नाही. हीच तर खरी पंचाईत होती. दोनचार गिऱ्हाइकं फोडली असती तर मॉरिसला चारचौघांत शिव्या घालता आल्या असत्या. पण गेथिननं दंतवैद्याची बाग धरली, नव्या वसाहतीतली घरं धरली, शाळेचं मैदान मिळवलं, आणि सगळं सरळ मार्गानं. सरळ माणसाचा मत्सर करणं फार कठीण असतं हो, कारण कुणापाशी बोलायची सोय नसते.

तर मॉरिस बोलायचा नाही, नुसता बघायचा. कामावरून घरी यायचा रस्ता सरळ, पण हा मुद्दाम दंतवैद्याच्या गल्लीतून यायचा, व्हॅन हळू करायचा आणि कुंपणावरून मान उंच करून गेथिनचे पट्टे बघायचा. एखादा वाकडा दिसला की त्याला त्या दिवशी जेवण गोड लागायचं. पण तो वाकडा पट्टा काही केल्या दिसायचा नाही.

"आज पण त्या गल्लीतून आलास?" त्याची बायको ग्लेनिस विचारायची.

"मोठ्या रस्त्यावर गर्दी होती."

"मार्लहोपमध्ये? गर्दी? तीन गाड्या आणि एक ट्रॅक्टर म्हणजे गर्दी!" ती बटाट्याची सालं काढता काढता हसायची. "अरे, एवढं त्याच्या गवताकडे बघतोस, लग्नाच्या वेळी माझ्याकडे एवढं बघितलं असतंस तर मी धन्य झाले असते."

गेथिनकडे एक मशीन होतं. गेल्या शरदात घेतलेलं, लाल, मागे रोलर, पेट्रोलचं, आवाज दमदार. मॉरिसचं मशीन अठरा वर्षांचं. त्याची मूठ चिकटपट्टीनं बांधलेली, दोरी ओढून सुरू करायचं तर सहा वेळा ओढावी लागायची, आणि सहाव्या वेळी मॉरिस त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. ते लाल मशीन त्याच्या डोळ्यांत कुसळासारखं सलत होतं.

पण एक बाग अशी होती की तिच्यात पाऊल ठेवलं की मॉरिसचं दुखणं थांबायचं. ती म्हणजे मिस लॅथबरींची. बाईंचं वय शहाऐंशी, लग्न केलेलं नाही, चर्चशेजारच्या दगडी घरात एकट्या राहतात. घराच्या मागे दोनशे वर्षं सांभाळलेली हिरवळ. जूनमधल्या दुसऱ्या रविवारी आमच्या गावातल्या बागा सगळ्यांना खुल्या असतात. लोक तिकीट काढून एकमेकांच्या घरामागं हिंडतात, गुलाबांना नावं ठेवतात, आणि शेवटी चहा आणि केकसाठी मिस लॅथबरींच्या हिरवळीवर जमतात. त्या दिवशी त्या गवतावरचे पट्टे ज्याचे, तो गावातला पहिला माळी. सव्वीस वर्षं ते पट्टे मॉरिसचे होते. गेथिन हाताखाली होता तेव्हाही मॉरिसनं त्याला तिथं मशीनला हात लावू दिला नाही. गुडघ्यावर बसून कात्रीनं कडा छाटायच्या, बस्स.

यंदा मे महिन्यात मॉरिस बाईंच्या घरात हात धुवायला गेला, तर दिवाणखान्यातल्या घड्याळाखाली एक कार्ड ठेवलेलं. हिरवी अक्षरं. गेथिन प्रोबर्ट.

"तो मुलगा ठेवून गेला," मिस लॅथबरी म्हणाल्या. "म्हणाला, मॉरिसला कधी अडचण आलीच तर. किती गोड बोलतो, नाही? मॉरिस, तुझे गुडघे कसे आहेत रे? झेपत नसेल तर मोकळेपणानं सांग हं."

"माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही," मॉरिस म्हणाला आणि लंगडत बाहेर गेला.

म्हणजे बघा, त्याच्या जीवाला काय घोर लागला असेल! एकोणतीस बागांपैकी अठ्ठावीस गेल्या असत्या तरी चाललं असतं, पण ही एक गेथिनच्या हातात जाता कामा नये.

आणि नेमकं बागा खुल्या व्हायच्या आधीच्या सोमवारी त्याच्या मशीननं राम म्हटला. जुन्या शाळामास्तरांच्या बागेत ठाण्णकन आवाज झाला, काळं तेल गवतावर सांडलं, आणि इंजिनाच्या पोटाला अंगठा जाईल एवढं भोक पडलं.

मंगळवारी सकाळी मॉरिस मिसेस क्रम्प यांच्या दुकानात हजर. ही विधवा बाई चाळीस वर्षं गवत कापायची मशीनं विकते आणि दुरुस्त करते. नखांत ग्रीस, जिभेवर तिखट. आमच्याकडे लग्नाची बोलणी एक वेळ हिला न विचारता होतील, पण मशीन घ्यायचं नाही.

"आलास?" तिनं भोकात बोट घालून बघितलं. "याला पुरून टाक. वर गुलाब लाव."

तिनं त्याला सगळं दाखवलं. बॅटरीवर चालणारं दाखवलं, आवाज नाही, धूर नाही. मॉरिस म्हणाला, दिवसाला सहा बागा करणाऱ्यानं मध्येच चार्जिंगला कुणाच्या स्वयंपाकघरात बसायचं काय? चार चाकांचं दाखवलं, हलकं आणि स्वस्त. त्याच्याकडे त्यानं पाठच फिरवली. चाकांच्या मशीननं पट्टे पडत नाहीत, आणि फुलांच्या वाफ्याशी गेलं की चाक कडेवरून घसरतं. मग ती म्हणाली, "म्हणजे रोलरवालं, पेट्रोलचं, आणि रोलर दोन तुकड्यांचा, म्हणजे वळवताना गवत चिरडत नाही. एवढं कळलं. आता रुंदी बोल."

मॉरिसनं इकडेतिकडे बघितलं. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो प्रोबर्ट तुझ्याकडूनच घेऊन गेला ना? त्याचं किती इंची?"

"एकोणीस."

"मग मला बावीस दे."

मिसेस क्रम्पनं फडक्याला हात पुसले. "मॉरिस, हे गवत कापायचं मशीन आहे. मिशा नव्हेत, त्याच्यापेक्षा मोठ्या हव्यात म्हणायला."

"मोठं मशीन, कमी फेऱ्या, लवकर काम. यात चुकलं काय?"

"चुकलं काही नाही. फाटकं मोजलीस?"

"तीस वर्षं त्याच फाटकांतून जातोय मी!"

"तू जातोयस. ते मशीन नाही जात अजून. कापतं बावीस, पण अंगानं तेवीस आहे. घरी जा, टेप घे, बागा मोज आणि उद्या ये."

"उद्यापर्यंत ते दुसऱ्या कुणी नेलं तर?"

"कोण नेणार? या गावात दुसरा येडा आहे कोण?"

पण मॉरिसचं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतंच. त्याला ते मोठं लाल धूड दिसत होतं आणि त्याच्यामागं गेथिनचा पडलेला चेहरा दिसत होता. गंमत अशी की गेथिनला पहिल्या दिवशी पहिला धडा त्यानंच दिला होता, 'आधी फाटक मोज, मग मशीन बघ.' आमच्या गावातली घरं एकमेकांना खेटून उभी, मागच्या बागेत जायला मधे बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी फाटक. माळ्याचं सगळं पोट त्या फाटकाच्या रुंदीवर. हे शेंबड्या पोराला कळतं. पण मत्सर डोक्यात शिरला की माणूस स्वतःचंच शिकवलेलं विसरतो.

बुधवारी त्यानं ते मशीन पाद्रीबाबांच्या बागेत चालवलं. तिथं घोडागाडी जायची जुनी मोठी कमान. काय चाललं म्हणून सांगू! नव्या मशीनचा गुरगुराट गल्लीभर ऐकू गेला, आणि मॉरिसनं तो जरा जास्तच ऐकू जाईल असं बघितलं. गेथिनची व्हॅन समोरून जाता जाता थांबली. काच खाली झाली.

"बावीस इंची?" गेथिन म्हणाला.

"बावीस," मॉरिस म्हणाला. दोन वर्षांत एवढा गोड शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता.

"देखणं आहे. पण मॉरिस, ते मिस लॅथबरींच्या..."

"तुझ्या बागा बघ. मला शिकवायला येऊ नकोस."

गेथिननं काच वर केली. मॉरिस घरी येऊन ग्लेनिसला म्हणाला, "जळला! तोंड बघायला हवं होतंस." त्या रात्री त्यानं पुडिंग दोनदा घेतलं.

गुरुवारी पाऊस. ओल्या गवतावर पट्टे पडत नाहीत, म्हणून मिस लॅथबरींची बाग शुक्रवारवर गेली. शुक्रवारी दुपारी बाई केस सेट करायला गेल्या, संध्याकाळी पाचला येणार होत्या. मॉरिसनं मशीन व्हॅनमधून उतरवलं, बोळाशी आणलं, फाटक उघडलं आणि ढकललं.

मशीन अडकलं.

त्यानं मागे घेतलं आणि तिरकं करून ढकललं. लाल रंग विटेला घासला. मग खिशातून टेप काढला. फाटक एकवीस इंच. दोन्ही बाजूंना घराइतकेच जुने विटांचे खांब. फाटक बिजागरातून काढलं तरी खांब थोडेच हलणार? मशीन आडवं करून न्यावं, तर इंजिनातलं तेल नको तिथं शिरून पांढरा धूर, आणि सत्तर किलोंचं धूड एकट्याला उचलतंय कुठलं. घरातून न्यावं, तर दारात तीन पायऱ्या, आत अरुंद वाट आणि वाटेत ते घड्याळ. शेजारी सुट्टीला गेलेले, त्यांच्या दाराला कुलूप. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणावं, तर अंगण सव्वीस वर्षं त्याच्याच ओळखीचं होतं.

त्यानं मिसेस क्रम्पना फोन लावला. "एकोणीस इंची आहे का? आत्ता?"

पलीकडून घुसमटल्यासारखा आवाज आला. मग ती म्हणाली, "मी हसत नाहीये, मॉरिस. खोकला आलाय. नवं मंगळवारी येईल. माझ्याकडचं भाड्याचं या रविवारसाठी वरच्या गावानं नेलंय. या गावात एकोणीस इंची एकाचकडे आहे."

मॉरिस व्हॅनच्या पायरीवर वीस मिनिटं बसून राहिला. परवा सगळं गाव त्या गवतावर चहा प्यायला येणार, आणि गवत घोट्यापर्यंत वाढलेलं. घड्याळाखाली ते कार्ड. नाही बोलावलं तरी बाग जाणार, बोलावलं तरी जाणार. त्याला रडू आलं, हे मी उगाच सांगत नाही, त्यानं स्वतःच नंतर सांगितलं. मग त्यानं नंबर फिरवला.

"प्रोबर्ट."

"मी... मॉरिस."

"फाटक ना?" गेथिन म्हणाला. "आलोच."

दहा मिनिटांत तो आला. हसला नाही, आणि हसला नाही म्हणून मॉरिसला आणखीच राग आला.

"मशीन दे, तासाभरात परत करतो," मॉरिस म्हणाला.

"मशीन देत नाही मी कुणाला. दुसऱ्याच्या हाती मशीन देऊ नये, हे कुणी शिकवलं मला? चालवीन मी. कडा बाकी आहेत ना? कात्री आहे?"

मॉरिसनं त्याच्याकडे बघितलं. गेथिननंही नजर खाली घेतली नाही. सात वर्षं एक माणूस गुडघ्यावर आणि दुसरा मशीनमागे. आता जागा बदलायच्या, एवढंच तो मागत होता. मॉरिसनं व्हॅनमधून कात्री काढली.

गेथिनचं मशीन फाटकातून गेलं. दोन्हीकडे बोटभर जागा ठेवून, विटेला न लागता, जणू त्याच फाटकासाठी केलेलं असावं तसं गेलं.

"बरोब्बर गेलं," मॉरिसच्या तोंडून निघालं.

"जायलाच घेतलंय." गेथिन बोळात पाठमोरा उभा होता. "क्रम्पबाईंनी मलाही बावीसचंच गळ्यात मारायला घेतलं होतं. माझ्या सगळ्या बागांची फाटकं मोठी, मला तेच सोयीचं होतं. शाळेचं मैदान एकोणीस इंचांनी कापताना पाय मोडतात माझे."

"मग घेतलं का हे?"

"या फाटकासाठी." त्याचे कान लाल झाले. "सात वर्षं या हिरवळीच्या कडाच केल्या मी. शाळा मिळाली, दंतवैद्य मिळाला, पण जून आला की सगळं गाव इथं येतं आणि तुमचं नाव घेतं. मी केक खात उभा असतो. घशाखाली उतरत नाही तो केक, गॅफर."

आता मी खोटं कशाला सांगू? हे ऐकून मॉरिसला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटला तो आनंद! हा जळतो. माझ्यावर जळतो. दोन वर्षांचं पोटातलं दुखणं क्षणात थंड झालं. ज्या मशीनपायी त्याची झोप उडाली होती, ते मशीन त्याच्याच फाटकावर डोळा ठेवून घेतलेलं निघालं. तो गुडघ्यावर बसला, तेव्हा गुडघेसुद्धा दुखले नाहीत.

मग गेथिननं दोरी ओढली. मशीन एका ओढीत सुरू झालं. त्यानं समोरच्या भिंतीवरचा एक दगड नजरेत धरला आणि पहिली ओळ मारली. मॉरिस कात्री हातात धरून बघत राहिला. ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आणि सव्वीस वर्षांत मॉरिसनं इथं मारलेली एकही ओळ तिच्याइतकी सरळ नव्हती. हे त्याला कळलं आणि त्याचं पोट पुन्हा दुखायला लागलं.

रविवारी ऊन पडलं. गाव लोटलं. बायका चप्पल हातात घेऊन गवतावरून चालत होत्या, पाद्रीबाबा म्हणाले की एवढे सुंदर पट्टे आपण आजवर बघितले नाहीत. मिस लॅथबरी वेताच्या खुर्चीत सेट केलेल्या केसांनिशी बसल्या होत्या. त्यांना शुक्रवारचं काहीच ठाऊक नव्हतं.

"आमचा मॉरिस!" त्या येईल त्याला सांगत होत्या. "सव्वीस वर्षं झाली. यंदा नवं मशीन घेतलंय त्यानं, बघा केवढा फरक पडलाय. मी तर त्या दुसऱ्या मुलाचं कार्ड टाकूनच देणार आहे."

लोक मॉरिसच्या पाठीवर थाप मारत होते. ग्लेनिस लांबून टक लावून बघत होती, तिला सगळं माहीत होतं. मॉरिसनं कप उचलला आणि सहज कुंपणाकडे बघितलं. तिथं गेथिन उभा. हातातल्या बशीत केकचा तुकडा, एक घास तोडलेला. तो बोलणार नव्हता, तेवढा तो सरळ होताच. नुसता लोकांच्या पायांखालच्या पट्ट्यांकडे बघत होता, आणि त्याचा घास तोंडात तसाच होता.

तो चेहरा मॉरिसनं लगेच ओळखला. गेली दोन वर्षं दाढी करताना रोज सकाळी आरशात तोच दिसत होता. जळतो आहे ना हा? मग आता मजा यायला हवी होती. पण मॉरिसच्यानं त्या चेहऱ्याकडे बघवेना.

"मिस लॅथबरी," तो म्हणाला. आवाज जरा मोठाच लागला, चारजण वळले. "पट्टे माझे नाहीत. माझं मशीन तुमच्या फाटकातून जात नाही. मी न मोजता घेतलं. हे गेथिननं केलंय. मी नुसत्या कडा केल्या."

मिसेस क्रम्पला खोकला आला.

"न मोजता?" मिस लॅथबरी म्हणाल्या. "तू?" मग त्यांनी चष्म्यातून कुंपणाकडे बघितलं. "मग तो बिचारा तिकडे का उभा आहे? त्याला चहा दे की, मॉरिस. आणि पुढच्या वर्षी कोण करणार ते तुम्ही दोघं ठरवा. मला भांडणं नकोत."

मॉरिस कप घेऊन पट्ट्यांवरून कुंपणापर्यंत गेला. गेथिननं कप घेतला. दोघं शेजारी शेजारी उभे राहून गवताकडे बघत होते.

"पहिली ओळ जरा डावीकडे गेलीय," मॉरिस म्हणाला.

गेथिन दचकला. "कुठे?"

मॉरिसनं वाकून, एक डोळा मिटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितलं.

"कुठेच नाही," तो म्हणाला.